तारीख, मालक आणि मळ : मॉडेल मालगाडीच्या वाघिणी कशा निवडाव्यात

इंजिन घेताना आपण महिनाभर चौकशी करतो. कुठल्या शेडचं, रंग कुठल्या साली बदलला, धुराड्याची उंची बरोबर आहे का. मग त्याच्यामागे जोडायच्या वाघिणी मात्र दिसतील तशा उचलतो, बहुतेक वेळा रंगाला भुलून. पुढे १९३८ चं इंजिन आणि मागे जत्रा, असं होऊन बसतं.

माझी पहिली मालगाडी अशीच होती. सहा वाघिणी, सहा कोळसा व्यापारी, लाल, पिवळी, निळी, काळी, करडी, हिरवी. एकेक सुटी पाहिली तर देखणी. अक्षरांची ठेवणसुद्धा जुन्या फोटोंशी बऱ्यापैकी जुळणारी. पण ते सहा व्यापारी सहा टोकांच्या गावांतले. १९३८ साली त्यांच्या वाघिणींनी एका आडवाटेच्या फाट्यावर, म्हणजे मुख्य मार्गातून फुटलेल्या लहान लाइनीवर, एकमेकींना खेटून उभं राहायचं काहीच कारण नव्हतं. चूक संगतीत होती, आणि ती कळायला मला दोन वर्षं लागली.

हा लेख त्या संगतीबद्दल आहे. उदाहरणं ब्रिटनमधल्या वाफेच्या इंजिनांच्या काळातली आणि मापं ओओ स्केलमधली, म्हणजे फुटाला ४ मिलिमीटर. (वाघीण हा शब्द ‘वॅगन’वरूनच आला म्हणतात. रुळांवरच्या इतक्या गरीब जनावराला हे नाव कसं चिकटलं कोण जाणे, पण मला ते सोडवत नाही.)

पहिली पायरी : एक तारीख ठरवा

‘वाफेचा काळ’ ही तारीख होत नाही. ‘दोन युद्धांच्या मधला काळ’ हीसुद्धा नाही. साल लिहा, जमलं तर ऋतूही. हे हौसेखातर सांगत नाही. ब्रिटनमध्ये वाघिणींच्या अंगावरची अक्षरं, रंग आणि मालकी ठरावीक सालांना बदलली, आणि ही सालं माहीत असली की अर्धी निवड आपोआप होते.

१ जानेवारी १९२३ ला बहुतेक सगळ्या छोट्यामोठ्या कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या : एलएमएस (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश), एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न), जीडब्ल्यूआर (ग्रेट वेस्टर्न) आणि एसआर (सदर्न). लाखो वाघिणी एका रात्रीत रंगवून होत नाहीत. त्यामुळे १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत जुन्या कंपन्यांची आद्याक्षरं गाड्यांत सर्रास दिसत. तुमचं साल १९२५ असेल तर नव्या अक्षरांची संख्या हात राखून ठेवा, जुनीच जास्त हवीत.

१९३६-३७ च्या सुमारास चारही कंपन्यांनी बाजूवरची मोठी अक्षरं काढून कोपऱ्यात लहान अक्षरं लिहायला सुरुवात केली. रंग आणि मजुरी वाचवण्यासाठी. एलएमएसने याच वेळी करडा रंग सोडून बॉक्साइट, म्हणजे विटकरी-तपकिरी रंग घेतला. म्हणजे १९३८ च्या गाडीत एलएमएसच्या वाघिणी दोन प्रकारच्या हव्यात : मोठ्या अक्षरांच्या, मळलेल्या करड्या जास्त आणि लहान अक्षरांच्या, बऱ्यापैकी ताज्या बॉक्साइट कमी. तुमचं साल १९३४ असेल तर बॉक्साइट एलएमएस वाघीण गाडीत दिसताच कामा नये.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि सरकारने खासगी मालकांच्या वाघिणी ताब्यात घेऊन सामायिक साठ्यात टाकल्या. हे साल डोक्यात पक्कं ठेवा, पुढे त्याच्याकडे पुन्हा यायचंय. १ जानेवारी १९४८ ला राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा ब्रिटिश रेल्वेच्या पदरात सुमारे १२ लाख वाघिणी आल्या. त्यातल्या पाच लाखांहून अधिक मुळात खासगी मालकांच्या होत्या.

दुसरी पायरी : मालक कोण आणि वाघीण कुठे जाऊ शकते

सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

युद्धापूर्वी वाघिणींच्या तीन जाती होत्या. पहिली, रेल्वे कंपन्यांच्या साध्या उघड्या आणि बंद वाघिणी. पहिल्या महायुद्धाच्या काळात या वाघिणींचा सामायिक साठा करायला सुरुवात झाली. माल उतरवला की वाघीण रिकामी घरी पाठवायची गरज उरली नाही. जिथे असेल तिथे भरा आणि पुढे पाठवा. त्यामुळे कॉर्नवॉलच्या एखाद्या फाट्यावरसुद्धा एलएनईआरची वाघीण उभी दिसे आणि कुणाच्या भुवया उंचावत नसत.

मग कुठल्या कंपनीच्या किती? १९३० च्या दशकात एलएमएस आणि एलएनईआर यांचे साठे प्रचंड होते, प्रत्येकी तीन लाखांच्या आसपास. जीडब्ल्यूआर त्यांच्या बरीच मागे आणि एसआर सगळ्यांत लहान. ढोबळमानाने, साठ्यातल्या २० वाघिणी घेतल्या तर ८ एलएमएसच्या, ८ एलएनईआरच्या, २ किंवा ३ जीडब्ल्यूआरच्या आणि १ एसआरची. जीडब्ल्यूआरचं स्टेशन उभारणाऱ्याला हे पचत नाही. त्याच्या सगळ्या वाघिणींवर ‘जी डब्ल्यू’च असतं. स्वतःच्या कंपनीकडे थोडं झुकतं माप द्या, पण थोडंच.

दुसरी जात, साठ्याबाहेरच्या वाघिणी. गुरांच्या, खास यंत्रं वाहायच्या खोलगट, एखाद्याच कामासाठी बांधलेल्या. या घरी परतत. त्यांच्या खालच्या कोपऱ्यात बहुधा एक लहान ‘एन’ असे. गार्डाचा डबाही घरचाच. जीडब्ल्यूआरच्या फाट्यावर शेवटी एका टोकाला व्हरांडा असलेला त्यांचाच ‘टोड’ हवा.

तिसरी जात खासगी मालकांची : कोळशाच्या खाणी, कोळशाचे दलाल, गावचे व्यापारी, गॅस कंपन्या, दगडाच्या खाणी. आपण भुलतो ते यांनाच. यांच्या बाजूवर मालकाचं नाव हातभर अक्षरांत असतं आणि खाली कोपऱ्यात, भिंगाशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत, रिकामी झाल्यावर ती कुठल्या खाणीकडे पाठवायची ते. खरी माहिती त्या बारीक ओळीत आहे. ही वाघीण खाण ते गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईक ते खाण अशी येरझारा घाली. गावच्या व्यापाऱ्याची वाघीण त्या गावाच्या स्टेशनवर, त्याच्या खाणीवर आणि मधल्या वाटेवर. बाकी कुठे नाही.

म्हणून युद्धापूर्वीच्या कोळशाच्या वाघिणी निवडताना आधी खाण-प्रदेश निवडा. तुमच्या स्टेशनला कोळसा साउथ वेल्सहून येत असेल तर वाघिणी तिथल्या खाणींच्या आणि दलालांच्या. एकाच मालकाच्या तीन, दुसऱ्याच्या दोन, आणि गावच्या व्यापाऱ्याची एक. एकाच नावाच्या तीन वाघिणी घ्यायला जीवावर येतं, मला ठाऊक आहे. दुकानात सगळी नावं वेगळी दिसत असतात. पण खऱ्या गाडीत पुनरावृत्ती होती, आणि ती दिसली की डोळ्याला लगेच पटते.

१९३९ नंतर हे सगळं उलटतं. खासगी वाघिणी साठ्यात गेल्या, कुठलीही कुठेही जाऊ लागली, ती बारीक ओळ निरर्थक झाली. शिवाय त्या रंगवायला कुणाला सवड नव्हती. म्हणजे देशभरच्या मालकांची सरमिसळ असलेली कोळशाची गाडी खरीच होती, पण ती १९४० च्या दशकातली. तीही इतकी काळवंडलेली की नावं ओळखायला जवळ जावं लागावं. पाटीवर १९३८ लिहून चकचकीत सरमिसळ केली, तर तशी गाडी कधीच धावली नव्हती.

तिसरी पायरी : गाडी कागदावर लिहा

खरेदीपूर्वी यादी करा. नमुना म्हणून १९३८ ची, जीडब्ल्यूआरच्या फाट्यावरची, स्टेशनास्टेशनावर वाघिणी सोडत-उचलत जाणारी गाडी घेऊ. इंजिनामागे १६ डबे.

कोळशाच्या ६, वर सांगितल्या तशा. साध्या उघड्या ५ : दोन एलएमएस, दोन एलएनईआर, एक जीडब्ल्यूआर. बंद वाघिणी ३ : एकेक एलएमएस, एलएनईआर, जीडब्ल्यूआर. गुरांची एक, जीडब्ल्यूआर. शेवटी टोड. एसआरची एकही नाही. पुढच्या वेळी एक उघडी बदलून तिथे एसआरची गडद तपकिरी घाला.

या यादीत केळ्यांची बंद वाघीण नाही, दारूगोळ्याची नाही, पेट्रोलची टाकी नाही, अवजड यंत्र लादलेली खोलगट वाघीण नाही. आपल्याकडे मात्र या सगळ्या असतात, कारण त्या वेगळ्या दिसतात म्हणून घेतलेल्या असतात. त्या फेकायच्या नाहीत. एका वेळी गाडीत एकच, आणि तीही दर गाडीत नाही. दारूगोळ्याची वाघीण महिन्यातून एकदा दगडाच्या खाणीसाठी आली तर ती घटना वाटते. रोज आली तर खेळणं.

‘मग विविधता कुठून आणायची?’ असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, उघड्या वाघिणींतच बघा. पाच फळ्यांची, सहा फळ्यांची, तीन फळ्यांची. लाकडी चौकटीची आणि पोलादी चौकटीची. ताडपत्रीखालची आणि उघडी. १९१० ची थकलेली आणि १९३७ ची कोरी. सगळ्या करड्या आणि एकही दुसरीसारखी नाही. खऱ्या मालगाडीतला वेगळेपणा असा दबक्या आवाजातला असतो.

चौथी पायरी : पट्टी घेऊन मॉडेल तपासा

आता हातात घेतलेली वाघीण. रंगाकडे पाहायचंच नाही. आधी उलटी करा.

दोन आसांमधलं अंतर मोजा. रेल्वे क्लिअरिंग हाउस ही कंपन्यांमधला हिशेब ठेवणारी संस्था १८४२ पासूनची. खासगी वाघिणींसाठी तिने नमुने घालून दिले. त्यातले १८८७, १९०७ आणि १९२३ चे नमुने मॉडेलकारांच्या तोंडी कायम असतात. १९२३ च्या नमुन्याची कोळशाची वाघीण १६ फूट ६ इंच लांब, आसांमध्ये ९ फूट. ओओमध्ये ६६ मिलिमीटर आणि ३६ मिलिमीटर. पुढच्या काळातल्या बऱ्याच बंद वाघिणी १७ फूट ६ इंच लांब, आसांमध्ये १० फूट, म्हणजे ७० आणि ४० मिलिमीटर. जुन्या मॉडेलांत एकच साचा सगळ्यांखाली वापरायची पद्धत होती. त्यामुळे ९ फुटी वाघिणीखाली १० फुटी सांगाडा बसवलेला आणि त्यासाठी वरचं अंगही ताणलेलं, असा प्रकार अजून सापडतो. चार मिलिमीटरांनी काय होतं? एकटीत काही नाही. बरोबर मापाच्या वाघिणीशेजारी उभी केली की लगेच खुपते.

मग फळ्या मोजा. ढोबळ नियम असा : एक ते तीन फळ्या दगड, खडी आणि जड सामानाला, पाच फळ्या किरकोळ मालाला, सात-आठ फळ्या कोळशाला. कोक, म्हणजे भट्टीत भाजून काढलेला कोळसा, साध्या कोळशाहून हलका, म्हणून कोकच्या वाघिणीला वर जादा कठडा लावून उंची वाढवलेली असते. मिठाच्या वाघिणीला घरासारखं उतरतं छप्पर.

आता ब्रेक. माझ्या मते वाघीण ओळखायची खरी खूण हीच. हाताच्या ब्रेकचा लांब दांडा, तुम्ही वाघिणीकडे तोंड करून उभे राहिलात की, उजव्या टोकाला यायला हवा. दोन्ही बाजूंनी तसाच. १९११ च्या नियमांपासून हे ठरून गेलं. पण दांड्याच्या मागे काय आहे ते पाहा. मॉर्टन पद्धतीत वाघिणीखालून एक आडवा दंड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो, त्यामुळे कुठलाही दांडा दाबला तरी ब्रेक लागतो. कोळशाच्या ज्या वाघिणींना तळाला दारं असतात त्यांना हा आडवा दंड चालत नाही, कोळसा पडायच्या वाटेतच येतो. म्हणून अशा वाघिणींना दोन्ही बाजूंना स्वतंत्र ब्रेक, प्रत्येक बाजूला दोन ठोकळे. तळाला दारं दाखवलेली आणि खालून आडवा दंड गेलेला, अशी मॉडेल पाहिलीत तर समजा की वरचं अंग एकाचं आणि खालचं दुसऱ्याचं. तळदाराची बाहेरची खूण म्हणजे बाजूवर रंगवलेला पांढरा ‘व्ही’. तिरपी पांढरी पट्टी असेल तर एका टोकाची भिंत दारासारखी उघडते, आणि पट्टीचं वरचं टोक त्या बाजूला असतं. हे दार नसलेल्या वाघिणीवर पट्टी किंवा पट्टी उलट्या दिशेने, असं दोन्ही मी पाहिलंय. पट्टी खरवडून नव्याने काढणं पंधरा मिनिटांचं काम आहे.

बफर आणि चाकं थोडक्यात. सरळ लाकडाचे ठोकळे असलेले, स्प्रिंग नसलेले बफर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुख्य मार्गांवरून हद्दपार झाले, नंतरच्या गाडीत नकोत. चाकं ओओमध्ये १२.६ मिलिमीटर व्यासाची, आस २६ मिलिमीटरचा, दोन्ही टोकांना टोकदार. जुन्या वाघिणींना आऱ्यांची चाकं, नव्यांना तीन भोकांची तबकडी. गाडीत दोन्ही हवीत. वजन चार चाकी वाघिणीला ५० ग्रॅमच्या आसपास आणा. सगळ्यांचं सारखं असलं की सांध्यांवर रूळ सोडत नाहीत.

पाचवी पायरी : फोटो वाचायला शिका

जुने फोटो हाच पुरावा, पण ते फसवतात. कारखान्यात काढलेले अधिकृत फोटो सगळ्यांत स्पष्ट असतात, आणि नेमके तेच कधीकधी फोटोसाठी म्हणून वेगळ्या फिक्या रंगात रंगवलेल्या वाघिणीचे असतात. तिची ठेवण आणि अक्षरांची जागा घ्या, रंग आणि स्वच्छता घेऊ नका.

रंगाबाबत आणखी एक सापळा. त्या काळातल्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसतच नसे. लाल वाघीण फोटोत जवळपास काळी येते आणि निळी फिकट. काळ्यापांढऱ्या फोटोवरून ‘ही काळी असावी’ असं ठरवून मी एक वाघीण रंगवली होती. नंतर कळलं, मूळ गडद लाल.

मला उपयोगी पडतात ते दुसऱ्याच कशाचे तरी फोटो. कुणीतरी इंजिनाचा किंवा स्टेशनमास्तरच्या बागेचा फोटो काढलाय आणि मागे यार्डात चार वाघिणी उभ्या आहेत. त्या कुणी निवडून उभ्या केलेल्या नाहीत. इंजिनाला अंगठ्याने झाकून टाका आणि मागचं मोजा : किती उघड्या, किती बंद, किती ताडपत्रीखाली, कुठली अक्षरं. असे दहा फोटो तुमच्या सालाच्या आसपासचे मोजलेत की वरच्या पायरीतली यादी तुमच्या जागेला बेतून दुरुस्त करता येते.

सहावी पायरी : रंग, आकडे आणि मळ

दुकानातून आलेल्या पाच वाघिणींवर एकच नंबर असतो. शेवटचे दोन आकडे बदलले तरी पुरे. कापसाच्या काडीला बारीक पॉलिश लावून हलक्या हाताने आकडा घासा, खालचा रंग निघायला लागायच्या आत थांबा, आणि नवीन आकडे ट्रान्सफरने, म्हणजे चिकटवायच्या छापील आकड्यांनी, बसवा.

मग आतली बाजू. बहुतेक मॉडेलं आतून बाहेरच्याच रंगाची असतात. खऱ्या वाघिणींची आतली लाकडं कधी रंगवतच नसत. साधं ताजं लाकूड, लवकरच करडं पडलेलं, आणि कोळशाच्या वाघिणीत काळं. एवढी एकच गोष्ट केलीत तरी वाघीण निम्मी सुधारते. माझी कृती : फिकट करड्यात थोडा मातकट रंग मिसळून आतून सरसकट हात. वाळल्यावर तीन-चार फळ्या किंचित वेगळ्या छटेत. मग काळा-तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून फळ्यांच्या फटींत सोडायचा. कोळशाच्या वाघिणीत वरून काळी भुकटी चोळायची, कोपऱ्यांत जास्त, दारामागे कमी, कारण फावडं तिथूनच चालतं.

बाहेरून मळ चढवताना हात नेहमी वरून खाली. पाऊस आडवा वाहत नाही. पातळ मळकट रंग एका बाजूला लावा, मिनिटभराने ओलसर रुंद ब्रशने खाली ओढा. अक्षरांवर थोडा जास्त ओढा, नाहीतर नावं मळाच्या वर तरंगल्यासारखी दिसतात. खालचा सांगाडा ब्रेकच्या लोखंडी धुळीने एकसारखा तपकिरी होतो. तो काळा ठेवू नका. बंद वाघिणीचं छप्पर कारखान्यातून पांढरं निघायचं आणि धुराने लवकरच करडं व्हायचं. दहात एखादंच फिकट ठेवा.

सगळ्या वाघिणी एका बैठकीत मळवू नका, सगळ्यांवर एकच मळ चढतो. मी तीन गटांत काम करतो, मध्ये आठवडा सोडून, आणि प्रत्येक वेळी मिश्रण नव्याने करतो. एकदोन फळ्या बदललेल्या दाखवा. युद्धकाळात दुरुस्तीचं नवं लाकूड न रंगवताच सोडायचे, फक्त नंबरापुरता तुकडा रंगवायचे. तुमचं साल १९४२ ते १९४७ मधलं असेल तर करड्या वाघिणीत मधेच एक उघडं लाकूड हवंच.

गुरांच्या वाघिणींबद्दल एक. खालच्या भागावर पांढरे ओघळ दाखवायची मॉडेलकारांत फार आवड आहे. तो जंतुनाशक चुना. गुरांच्या पायांना त्याचा त्रास होतो म्हणून १९२० च्या दशकात तो बंद झाला. १९२० च्या आधीच्या गाडीत भरपूर लावा, १९३८ च्या गाडीत नको.

पेट्रोलच्या टाक्या राष्ट्रीयीकरणानंतरच्या असतील तर चंदेरी, खालची चौकट लाल. जड तेलाच्या काळ्या. ब्रिटिश रेल्वेच्या वाघिणींना सोपा नियम : इंजिनातून चालणारा ब्रेक असेल तर बॉक्साइट, नसेल तर करडा. नंबराआधीचं अक्षर वंश सांगतं : ‘एम’, ‘ई’, ‘डब्ल्यू’, ‘एस’ म्हणजे चार जुन्या कंपन्या, ‘बी’ म्हणजे ब्रिटिश रेल्वेने बांधलेली आणि ‘पी’ म्हणजे मुळात खासगी मालकाची.

सातवी पायरी : क्रम आणि माल

वाघिणी मनाला येईल तशा जोडत नसत. बहुतेकींना इंजिनातून चालणारा ब्रेक नव्हता, फक्त तीन कड्यांची साखळी. ज्यांना होता त्या इंजिनालगत एकत्र, म्हणजे तेवढ्या तरी इंजिनाबरोबर थांबत. गुरंही इंजिनालगत, तिथे धक्के कमी बसतात. दारूगोळा इंजिनापासून लांब, मध्ये दुसऱ्या वाघिणी. शेवटी गार्डाचा डबा, तो नसला तर गाडी सुटतच नसे. पूर्ण ब्रेक असलेल्या मालगाड्यांना त्याच्याशिवाय धावायची मुभा १९६८ मध्ये मिळाली. तुमचं साल त्याआधीचं असेल तर मागचे दिवे विसरू नका.

कोळसा खरा वापरा, कुटून आणि चाळून. प्लॅस्टिकचा कोळसा चमकतो. पुठ्ठ्यावर चिकटवा, खाली लोखंडी वॉशर, म्हणजे चुंबकाने उचलून काढता येतो. फाट्याकडे जाताना वाघिणी भरलेल्या आणि परतताना रिकाम्या दिसल्या पाहिजेत, खासगी वाघिणी तर रिकाम्याच परतत. भरलेल्या कोळशासह गाडी गोल गोल फिरते आहे हे पाहुण्यांना कळत नाही, पण आपल्याला कळत राहतं.

उघड्या वाघिणींवर ताडपत्री घाला. पातळ टिश्यूला काळा रंग आणि पातळ गोंद, ओला असतानाच घडी घालून बसवा, दोऱ्या खालच्या कड्यांना. ताडपत्र्यांनाही कंपनीची अक्षरं आणि स्वतःचे नंबर असत, आणि खालची वाघीण एलएनईआरची असली तरी ताडपत्री एलएमएसची चालते.

शेवटी प्रत्येक वाघिणीची एक लहान चिठ्ठी करा : मालक, बांधणीचा अंदाज, तिच्यावरचा रंग कुठल्या सालापासून खरा, कुठल्या सालापर्यंत खरा. मी चिठ्ठ्या दोन डब्यांत ठेवतो, एकावर १९३८, दुसऱ्यावर १९५०. बऱ्याच वाघिणींची जागा एकाच डब्यात आहे, काहींची दोन्हींत. युद्धात सरकारसाठी बांधायला सुरुवात झालेली १६ टनी पोलादी कोळशाची वाघीण पहिल्या डब्यात येणं शक्यच नाही. दुसऱ्या डब्यातली अर्धी जागा मात्र तिच्या जातीची आणि लाकडी ‘पी’ वाघिणींची.

त्या पहिल्या सहा रंगीत वाघिणी आता १९५० च्या डब्यात आहेत. चार-चार थर मळ, दोन-तीन फळ्या बदललेल्या, नावांची निम्मी अक्षरं पुसट आणि कोपऱ्यात लहान काळ्या चौकोनावर पांढऱ्या रंगात ‘पी’ आणि नंबर. आता त्या एकाच गाडीत एकमेकींशेजारी उभ्या राहतात आणि त्यात काही वावगं नाही. पिवळी कुठली ते मलाही दिव्याखाली धरल्याशिवाय सांगता येत नाही.